एका वर्षाने मोठे

इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंड संपता संपता सप्टेंबर उजाडतो. तोवर कॉट बेसिसवर खोली घेतलेली असते, मेसचा पहिला महिना आगाऊ भरलेला असतो आणि वर्गात दोन-तीन प्रकरणे शिकवूनही झालेली असतात. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची मुदत त्यानंतर एकदा-दोनदा वाढते. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून संबंधित विभागाकडे, मग पैशाच्या वाटेला लागतो. खात्यावर रक्कम दिसते तेव्हा बहुधा दुसऱ्या सत्राची परीक्षा तोंडावर आलेली असते. काहींचे तर वर्षच उलटते. शिष्यवृत्ती मंजूर झालेला विद्यार्थी आणि शिष्यवृत्तीचे पैसे हातात पडलेला विद्यार्थी हे एकाच वेळी एकाच माणसाचे वर्णन क्वचितच असते. मधल्या काळात तो कसा राहतो, काय खातो, कोणाकडून उसने घेतो आणि अभ्यास कधी करतो, याविषयीचे हे पुस्तक आहे.

ते लिहिले आहे वरच्या वर्गातल्या मुलामुलींनी. स्वतः शिष्यवृत्तीवर शिकत असलेल्या आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना हाताशी धरणाऱ्या या विद्यार्थ्यांनी आपापल्या वह्यांमध्ये टिपलेल्या गोष्टी इथे एकत्र केल्या आहेत. शिष्यवृत्तीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी बरीच वर्षे बसलो, म्हणून प्रस्तावना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. आतल्या बाजूने जे दिसते ते बाहेरच्या बाजूने दिसत नाही, हे मला ठाऊक होते. बाहेरच्या बाजूला रांगेत उभ्या असलेल्यांना एकमेकांकडून किती कळते, हे मात्र या वह्या वाचल्यावरच नीट समजले.

उदाहरणच द्यायचे तर बँक खात्याचे. शिष्यवृत्तीचे पैसे आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. मुलगा पुण्यात येतो, कॉलेजजवळच्या बँकेत नवे खाते उघडतो, त्याचे पासबुक अर्जाला जोडतो आणि पैशाची वाट पाहत बसतो. पैसे कधीच जमा झालेले असतात, पण ते गावाकडच्या बँकेतल्या जुन्या खात्यात. कारण आधार अजून त्या खात्यालाच ‘सीड’ असते. ते खाते शाळेत असताना उघडलेले असते, बरीच वर्षे व्यवहार न झाल्याने बंद पडलेले असते, नाहीतर जमेवर मर्यादा असलेल्या छोट्या खात्यांपैकी निघते. मग रक्कम परत जाते आणि पोर्टलवर एका ओळीचा शेरा उमटतो, जो वाचून कोणालाही काही बोध होऊ नये. कार्यालयात विचारले तर उत्तर मिळते, ‘आमच्याकडून फॉरवर्ड झाले आहे.’ उत्तर खोटे नसते, फक्त निरुपयोगी असते. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने मात्र हेच गेल्या वर्षी भोगलेले असते. ती अर्ज भरायच्या आधीच नव्या मुलाला मोबाईलवर आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघायला लावते. पाच मिनिटांचे काम. या पाच मिनिटांची माहिती मी वाचलेल्या कुठल्याही माहितीपत्रकात इतक्या स्वच्छपणे दिलेली नव्हती.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे, कारण ती घराच्या आत शिरते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. २०२१-२२ पासून नियम असा झाला की रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात यावी आणि त्याने त्यातून कॉलेजची फी भरावी. मधला दलाल गेला, हे चांगलेच झाले. पण मराठवाड्यातल्या एखाद्या शेतमजुराच्या मुलाच्या खात्यात अचानक तीस-चाळीस हजार रुपये येतात, तेव्हा घरात काय होते? बहिणीचे लग्न ठरलेले असते, सावकाराचा तगादा असतो, कोणाचे तरी ऑपरेशन अडलेले असते. मुलगा पैसे घरी देतो. कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? त्यानंतर कॉलेजकडून फीची नोटीस येते, परीक्षेचा अर्ज अडतो, आणि ‘शिष्यवृत्तीचे पैसे उडवले’ असा शेरा त्याच्या नावावर कायमचा बसतो. या पुस्तकातल्या एका वहीत एका विद्यार्थिनीने लिहिले आहे की ती आपल्या गटातल्या मुलांना पहिल्याच महिन्यात सांगते : पैसे यायच्या आधी घरी फोन करा आणि त्यातले किती कॉलेजचे आहेत ते आकड्यासकट सांगून ठेवा, आल्यावर सांगितले तर उशीर झालेला असतो. अर्थशास्त्राची पदवी घेऊनही मला हा सल्ला सुचला नसता.

मग कागदपत्रे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, त्यामुळे तो दरवर्षी नवा लागतो. नॉन क्रीमी लेअरची मुदत वेगळी. जात वैधता प्रमाणपत्र एकदाच काढायचे, पण त्याला लागणारा वेळ आपल्या हातात नाही. आदिवासी विद्यार्थ्यांचे तर त्यात हाल होतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचे नाव एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, आणि बँकेत आडनाव आधी. मध्ये एक वर्ष सुटले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र. या सगळ्याची यादी पुढच्या प्रकरणांत आहे, म्हणून इथे थांबतो. एवढेच सांगतो की सेतू केंद्रावर एकदा जाऊन होणाऱ्या कामासाठी तीन खेपा आणि तीन बुडालेल्या मजुऱ्या लागतात, तेव्हा त्यांचा हिशेब कुठल्याही योजनेत धरलेला नसतो.

योजना कमी आहेत असे मात्र कोणी म्हणू नये. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, आर्थिकदृष्ट्या मागास मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले; आधी ते निम्मे होते. निर्णय मोलाचा. पण ‘मुलींना सगळे फुकट’ एवढेच गावात पोहोचले, आणि खोली, मेस, बस, पुस्तके, ड्रॉईंगचे साहित्य यांचे काय, हा प्रश्न मुलगी शहरात उतरल्यावर पुढे आला. या मुलींच्या वडिलांना खर्चाचा खरा आकडा प्रवेशाच्या आधी सांगणारे माणूस लागते. तो आकडा कोणत्याही जाहिरातीत नसतो. तो त्या शहरात एक वर्ष काढलेल्या मुलीकडे असतो, पैशापैशाने.

महाराष्ट्राला यातले काहीच नवे नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. पुण्यात डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहायक समिती काढली. या संस्थांचा इतिहास लिहिताना आपण संस्थापकांवर लिहितो, देणगीदारांवर लिहितो, जातिभेद मोडल्यावर लिहितो. नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात कोणी सांभाळले, यावर कोणी लिहिलेले नाही, कारण त्यात लिहिण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटले नाही. वरच्या वर्गातला मुलगा कोठीची चावी सांभाळे, पाळ्या लावी, कोणत्या मास्तरांकडे जुनी पुस्तके मिळतात ते सांगे, घरची आठवण येऊन रात्री रडणाऱ्याशेजारी वळकटी टाके. ही व्यवस्था बोर्डिंगच्या भिंतींमध्ये आपोआप होती.

भिंती गेल्या तशी ती व्यवस्थाही गेली. आज शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना सरकारी किंवा संस्थेच्या वसतिगृहात जागा मिळते. बाकीचे कोणी कात्रजला, कोणी सिडकोत, कोणी हिंगण्याच्या रस्त्यावर, चार अनोळखी मुलांबरोबर एका खोलीत. स्वाधारसारख्या योजनांनी वसतिगृहाच्या खर्चाऐवजी रोख रक्कम देऊ केली. जागेचा प्रश्न त्याने काही अंशी सुटतो. शेजारच्या कॉटवरचा सीनिअर मात्र रोखीत मिळत नाही. म्हणून जे पूर्वी आपोआप घडत होते, ते आता मुद्दाम घडवून आणावे लागणार, आणि मुद्दाम घडवायचे म्हटले की त्याला नियोजन, वेळ आणि पैसा लागणार. या पुस्तकाचे म्हणणे माझ्या मते एवढेच आहे, आणि ते मला पूर्ण मान्य आहे.

शिष्यवृत्तीच्या इतिहासातला सर्वांत मोठा विद्यार्थीही एकटा नव्हता. सयाजीराव गायकवाडांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ च्या जुलैत न्यू यॉर्कला उतरले. कोलंबिया विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांचा खोलीसोबती झाला. शिष्यवृत्तीची मुदत संपली, बडोद्याची नोकरी अपमानाच्या घोटाबरोबर सुटली, लंडनचे शिक्षण अर्धे राहिले. ते पुरे करायला १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा निघाले तेव्हा पैसे कर्जाऊ देणाऱ्यांत हेच भथेना होते. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या योजनेवर आजही लाखो मुले शिकतात. त्या लाखांच्या वाट्याला एकेक भथेना यावा अशी तरतूद कोणत्याही योजनेत करता येत नाही, हे कबूल. पण ओळख तरी करून देता येते.

आता प्राध्यापक मंडळी विचारतील, आणि विचारतातच, की हे काम आमचेच नाही का? मेंटॉर-मेंटी योजना प्रत्येक कॉलेजात आहे. नॅकची समिती यायची असते तेव्हा तिच्या फायली अद्ययावत होतात. एका प्राध्यापकाच्या नावावर वीस-पंचवीस मुले, महिन्यातून एक बैठक, खाली सह्या. काही प्राध्यापक ते मनापासून करतात. तरीही ज्याच्याकडे अंतर्गत गुण आहेत त्याच्यासमोर मुलगा ‘सर, काल जेवलो नाही’ असे म्हणत नाही. शिवाय ज्या गोष्टी नव्या मुलाला नडतात त्यांतल्या निम्म्या आम्हाला गोष्टी म्हणून दिसतच नाहीत. सबमिशनचेच घ्या. खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयातून आलेल्या मुलाला वाटते, परीक्षा म्हणजे पेपर. टर्मवर्क, जर्नल, प्रत्येक प्रॅक्टिकलवर त्या त्या वेळी घ्यायची सही, आणि ती न घेतल्यास सत्राच्या शेवटच्या आठवड्यात स्टाफरूमच्या दाराशी होणारी परवड, हे त्याला कोणी सांगत नाही, कारण शिकवणाऱ्याला ते सांगण्यासारखे वाटतच नाही. शहरी मुलाला त्याचा मोठा भाऊ सांगतो. बाकीच्यांनी मोठा भाऊ कुठून आणायचा?

याच मुद्द्यावर अमेरिकेत झालेला एक प्रयोग मला इथे सांगावासा वाटतो. निकोल स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांसमोर वरच्या वर्गातले तेच विद्यार्थी बसले आणि अभ्यास कसा करावा, मदत कुठे मागावी, हे आपल्या अनुभवांतून सांगितले. फरक एकच. एका गटाला नुसता सल्ला मिळाला. दुसऱ्या गटासमोर बोलणाऱ्यांनी आपण कोणत्या घरातून आलो, आईवडील शिकलेले होते की नव्हते, त्यामुळे काय अडले आणि त्यातून वाट कशी काढली, हे जोडून सांगितले. वर्षअखेरीस दुसऱ्या गटातल्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलांची गुणांतली पिछाडी बरीच भरून निघाली होती. ती मुले प्राध्यापकांना भेटायला, मदत मागायला अधिक जात होती. म्हणजे सल्ला तोच, पण तो सांगणाऱ्याने आपल्या घराचा पत्ता लपवला नाही, तेव्हाच तो लागू पडला. आपल्याकडे सत्काराच्या कार्यक्रमांत ‘गरिबीवर मात करून’ वगैरे बोलले जाते, त्याचा याच्याशी संबंध नाही. मात करण्याची गोष्ट ऐकून मुले टाळ्या वाजवतात आणि आणखी गप्प होतात. ‘मला पहिल्या सत्रात एम-वनमध्ये केटी लागली, दुसऱ्या सत्रात या अमक्या क्रमाने जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या आणि ती निघाली’, हे ऐकून वही उघडतात.

या पुस्तकातल्या विद्यार्थ्यांनी मला सर्वांत जास्त विचारात पाडले ते एका वादाने. मेंटॉर फक्त शिष्यवृत्तीधारकांना द्यायचा की सगळ्यांना? फक्त त्यांना दिला तर नोटीस बोर्डावर यादी लागते, आणि यादी म्हणजे जातीचा जाहीरनामा. आधीच पहिल्या आठवड्यात ‘रँक किती?’ हा साधा वाटणारा प्रश्न हॉस्टेलभर फिरत असतो आणि विचारणाऱ्याला काय जाणून घ्यायचे आहे ते उत्तर देणाऱ्याला बरोबर कळते. दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी सुखदेव थोरात समितीने केली. २००७ च्या तिच्या अहवालात शिकवण्यापासून वसतिगृहातल्या राहण्यापर्यंतचा दुजाभाव नोंदलेला आहे. अशा ठिकाणी ‘यांना जादा मदत लागते’ अशी वेगळी रांग लावणे म्हणजे दुजाभावाला संस्थेचा शिक्का देणे. उलट सगळ्यांना सरसकट मेंटॉर दिला, तर ज्याला आधार सीडिंगची अडचण आहे त्याच्या वाट्याला सुट्टीत परदेशी जाऊन आलेला सीनिअर येण्याची शक्यता असते, आणि दोघेही एकमेकांकडे बघून हसतात.

यावर १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी इथल्या केंद्रात डिआना मार्टिन यांनी काढलेली तोड मला शहाणपणाची वाटते. तिथे कच्चे विद्यार्थी निवडायचे सोडून अवघड विषय निवडले गेले. ज्या विषयात जास्त मुले गळतात, त्याला आधी तो चांगल्या गुणांनी पार केलेला विद्यार्थी पुन्हा वर्गात बसतो, नोट्स काढतो आणि आठवड्यातून काही तास कोणालाही येऊ देतो. दोष विषयाचा, विद्यार्थ्याचा नाही. त्यामुळे लाजायचे कारण उरत नाही. आपल्याकडे एम-वन आणि ड्रॉईंग, कॉमर्सला अकाउंट्स, नर्सिंगला अॅनाटॉमी यांना हेच करता येईल. या पुस्तकाने त्याच धर्तीवर मध्यममार्ग सुचवला आहे : मेंटॉर सर्व नव्या मुलांना, यादी कुठेही न लावता, पण मेंटॉरमध्ये शिष्यवृत्तीधारक सीनिअर भरपूर, आणि कोणाला कोणाकडे जायचे हे पहिल्या महिन्यानंतर मुलांनीच ठरवायचे. वाद मिटला असे नाही. मला स्वतःला मुली आणि आदिवासी विद्यार्थी यांच्यासाठी स्वतंत्र गट हवेतच असे वाटते. संपादकांपैकी दोघींचे मत वेगळे आहे. दोन्ही मते पुस्तकात आहेत.

मेंटॉरने काय करू नये, यावरचे प्रकरण सर्वांत चांगले उतरले आहे. ते लहान आहे आणि त्यात उपदेश नाही. दुसऱ्याचा पासवर्ड घेऊ नका, ओटीपी तर मागूच नका. अर्ज त्याच्या हाताने भरू द्या, तुम्ही शेजारी बसा. पैसे उसने देऊ नका, कारण तुमच्याकडेही नाहीत आणि दिलेत तर तो उद्यापासून तुम्हाला टाळेल. त्याच्या घरची गोष्ट मेसमध्ये सांगू नका. आणि कोणी जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलला, हसत बोलला तरी, ते स्वतःपुरते ठेवू नका. वसतिगृह प्रमुखांना किंवा विश्वासातल्या प्राध्यापकाला त्याच दिवशी सांगा, आणि टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या समोर लावा. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने समुपदेशक व्हावे अशी अपेक्षा कोणीही करू नये. त्याचीही परीक्षा असते, त्याचाही हप्ता अडकलेला असतो.

इथे मला थोडे कडू बोलले पाहिजे. विद्यार्थ्यांची ही धडपड पाहून संस्थाचालकांना भरून येते आणि ते कौतुकाचे प्रमाणपत्र देतात. पण मेंटॉर ज्या अडचणी सोडवतो त्यांतल्या कित्येक मुळात असायलाच नकोत. शिष्यवृत्तीस पात्र मुलाकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. त्या धाब्यावर बसवून आधी फी, मग प्रवेश, असे सांगणारी कॉलेजे आहेत. कॉलेजच्या लॉगिनला महिना-महिना पडून राहिलेले अर्ज असतात. असा अर्ज पुढे सरकावा म्हणून एखादी तिसऱ्या वर्षाची मुलगी आपली तासिका बुडवून कार्यालयात पाच वेळा जाते, तेव्हा ती जे करते ते मार्गदर्शन नाही. ते कार्यालयाचे काम आहे आणि ते ती फुकट करते आहे. मेंटॉर योजना चांगली चालली की कार्यालय आणखी निवांत होते, हा धोका मी खिडकीच्या आतून पाहिलेला आहे. म्हणून प्रत्येक गटाने कोणती अडचण किती वेळा आली याची नोंद ठेवावी आणि ती दर सत्राला प्राचार्यांच्या टेबलावर ठेवावी, ही संपादकांची सूचना मला पुस्तकातली सर्वांत महत्त्वाची वाटते. निवड, प्रशिक्षण, बैठका यांवरच्या प्रकरणांविषयी मी काही लिहीत नाही. ती सरळ आहेत आणि वाचली की कळतात.

राहिला प्रश्न कोणी आणि कशाच्या बळावर हे करायचे याचा. यासाठी नव्या धोरणाची वाट बघण्याची गरज नाही. रॅगिंगविरोधी नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये केले. त्यांतले शिक्षेचे भाग सर्वांना पाठ आहेत. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी हमीपत्रही भरून घेतले जाते. त्याच नियमांमध्ये असेही म्हटले आहे की प्रत्येक संस्थेने शैक्षणिक वर्षाच्या शेवटी पुढच्या वर्षासाठी विद्यार्थी मेंटॉरांचा कक्ष स्थापन करावा, दर सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर असावा, आणि सहा मेंटॉरांमागे त्यांच्या वरच्या वर्गातला एक. नियम इतका नेमका आहे. मुंबईच्या आयआयटीत नव्या विद्यार्थ्यांना सीनिअर मेंटॉर देण्याची व्यवस्था विद्यार्थीच चालवतात आणि तिथे अर्ज, मुलाखती घेऊन मेंटॉर निवडले जातात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात, जिथे घरातून पहिल्यांदा शिकायला बाहेर पडलेली मुले जास्त आहेत, तिथे मात्र हा कक्ष बहुधा कागदावरही नसतो.

मानधनाचेही असेच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने कमवा व शिका योजना चालते. विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासांच्या हिशेबाने काम करतात आणि मोबदला घेतात. ग्रंथालयात पुस्तके लावणे हे काम असेल, तर सहा नव्या मुलांचे पहिले वर्ष सावरणे हेही काम आहे. मेंटॉर बहुतेक वेळा स्वतः शिष्यवृत्तीवर असतो, रविवारी केटरिंगला जातो, रात्री पार्सल पोहोचवतो. त्याने सेवाभावाने वेळ द्यावा ही अपेक्षा ज्यांच्या खिशात वेळ आहे त्यांनी करू नये.

म्हणून प्राचार्यांना आणि विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. हे पुस्तक ग्रंथालयात ठेवण्यापुरते विकत घेऊ नका. परीक्षा संपून मुले गावी जायच्या आत, एप्रिल-मे महिन्यातच पुढच्या वर्षाचे मेंटॉर निवडा, त्यांतले निम्मे तरी शिष्यवृत्तीधारक असू द्या, त्यांचे तास कमवा व शिका योजनेत धरा, आणि शिष्यवृत्तीच्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला त्यांच्याबरोबर महिन्यातून एकदा एका टेबलावर बसवा. नव्या मुलाला प्रवेशाच्या पावतीबरोबरच त्याच्या मेंटॉरचे नाव मिळाले पाहिजे.